मागच्या सीटवरचे डोके

नवी मोटारसायकल घ्यायची म्हटली की आपल्याकडे सारे घर कामाला लागते. मायलेज किती, पुढेमागे विकायची झाली तर किंमत किती येईल, रंग काळा की लाल, मुहूर्त दसऱ्याचा की अक्षय तृतीयेचा, या प्रत्येक मुद्द्यावर मेव्हण्यापासून शाळेतल्या मास्तरांपर्यंत सगळ्यांची मते घेतली जातात. गाडी दारात आली की तिला हार, नारळ, हळदकुंकू आणि हँडलला लिंबू-मिरची. या सगळ्या सोहळ्यात हेल्मेटची निवड मात्र दोन मिनिटांत उरकते. शोरूमवाला गाडीबरोबर जे देईल ते; नाहीतर रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्यांपैकी जे डोक्यात शिरेल ते. आणि निवड होते ती एकाच हेल्मेटची. गाडीवर माणसे बसतात दोन, पुष्कळदा तीन, कधी चार. हेल्मेट एक.

मी आयुष्यातली तीसेक वर्षे बँकेत काढली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. बँकेतल्या माणसाला एक खोड लागते. समोर कुठलीही वस्तू आली की तो आधी मनाशी विचारतो, हिचे मोल किती आणि हिला धोका कशाचा? निवृत्तीनंतरही ती खोड सुटत नाही. रस्त्याने जाणारी मोटारसायकल दिसली की मी आधी तिच्यावरची डोकी मोजतो आणि मग हेल्मेटे. हिशेब क्वचितच जुळतो.

हा न जुळणारा हिशेब ठळकपणे दिसतो तो कचारगडच्या वाटेवर. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या जंगलात, डोंगराच्या पोटात ही प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. गोंड समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांची नावे इथे भक्तिभावाने घेतली जातात. काली कंकालीची गुहेत कोंडली गेलेली मुले इथूनच सोडवली गेली, अशी कथा गोंड परंपरेत सांगतात. माघ पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्रातून, तसेच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा राज्यांतून लाखोंच्या संख्येने लोक येतात. पिवळे दुपट्टे, सप्तरंगी ध्वज आणि 'जय सेवा'चा घोष यांनी धनेगावचा परिसर भरून जातो. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे दरेकसा स्टेशन जवळच आहे; एस.टी. येते, जीपगाड्या येतात, ट्रॅक्टर येतात. आणि आमगाव-सालेकशाच्या बाजूने मोटारसायकलींची रीघ लागते.

या मोटारसायकलींकडे नीट पाहावे. पुढे बसलेला गडी तरुण असतो. त्याच्याजवळ हेल्मेट असलेच तर ते कोपरात अडकवलेले किंवा टाकीवर ठेवलेले असते. मागे बायको एका बाजूला पाय सोडून बसलेली. मांडीवर लेकरू, खांद्याला पिशवी, हवेत फडफडणारा पदर. मुलगा थोडा मोठा असेल तर तो टाकीवर, बापाच्या पुढ्यात. पहाटेचे धुके, झाडीतली वळणे, मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली, मध्येच रस्ता ओलांडणारी गुरे. चालवणारा पुष्कळदा रात्रभर जागलेला. आणि हे काही यात्रेपुरतेच नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात, रात्ररात्र नाटके रंगतात आणि पहाटे त्याच मोटारसायकली त्याच डोक्यांना घेऊन घरी परततात. लग्न असो, आठवडी बाजार असो की दवाखाना, खेड्यातल्या कुटुंबाची मोटारगाडी म्हणजे हीच दोन चाके.

'हेल्मेट का नाही घातले?' असे कुणाला विचारले तर उत्तर ठरलेले असते : 'इकडे कोण पकडते, साहेब?' या उत्तरात सगळा रोग आहे. महाराष्ट्रात हेल्मेटवर जेवढी चर्चा झाली ती सारी सक्तीवर झाली. २०१६ साली परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली, तिच्यावर गदारोळ झाला. २०१९च्या जानेवारीत पुण्यात पोलिसांनी कारवाई सुरू केली, तर विरोधासाठी कृती समिती उभी राहिली आणि मोर्चा निघाला. २०२१च्या स्वातंत्र्यदिनापासून नाशिकच्या पोलिसांनी पेट्रोलबंदीचा प्रयोग केला. सक्ती हवी की नको, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलून झाले. पण या वादाचा एक परिणाम असा झाला की हेल्मेट ही पोलिसाला दाखवायची वस्तू आहे, हे आपल्या मनात पक्के बसले. जी वस्तू दाखवण्यापुरती असते ती स्वस्तातली चालते, सैल चालते, पट्टा तुटलेली चालते. आणि ती पुढच्या माणसापुरती असली तरी चालते.

कायदा मात्र तसे म्हणत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे १२९वे कलम गाडी चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला एकाच ओळीत बांधते. २०१९च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट आवश्यक आहे; सवलत आहे ती पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला. न घातल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र, अशी तरतूद आहे. त्याच कायद्याचे १२८वे कलम मागे एकापेक्षा अधिक माणूस बसवू देत नाही. तेव्हा 'ट्रिपल सीट'ला हेल्मेटांचा हिशेब जुळवण्याचाही प्रश्न उरत नाही, ती फेरीच दोनदा करावी.

आता आकडे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवर होती. हेल्मेट न घातलेली म्हणून ज्यांची नोंद झाली असे मृत ५०,०२९. इथपर्यंतचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. पण त्या पन्नास हजारांची फोड पाहिली पाहिजे : चालवणारे ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७. म्हणजे साधारण दर सात मृतांमागे दोघे असे, की ज्यांच्या हातात ना हँडल होते, ना ब्रेक. वेग किती ठेवायचा, ओव्हरटेक करायचे की नाही, यातले काहीही त्यांनी ठरवलेले नव्हते. बहुतेक घरांत मागच्या सीटवर कोण असते, हे सांगायला अहवालाची गरज नाही. आई, बायको, बहीण, शाळेत जाणारी मुलगी.

नव्वदच्या दशकात मी या भागातल्या एका शाखेत होतो. गोंदिया जिल्हा तेव्हा व्हायचा होता; १९९९च्या महाराष्ट्रदिनी तो वेगळा झाला, तोवर सारा मुलूख भंडाऱ्यात मोडायचा. धानाचे पैसे हाती आले की शेतकरी गाडीच्या कर्जासाठी यायचे. कुणाला लूना हवी असे, कुणाला एम-एटी, ऐपत असलेल्याला हिरो होंडा. त्यांतला एक जण दर हप्ता वेळेवर भरणारा. एका संध्याकाळी बायकोला माहेराहून आणताना खड्ड्यात गाडी उसळली आणि ती मागच्या मागे पडली. गाडीचा तोलसुद्धा गेला नाही. आरसा फुटला नाही, रंगाला ओरखडा नाही. बाई दोन दिवसांनी गेली. पुढच्या महिन्यात तो काउंटरपाशी आला, नोटा पुढे सरकवल्या आणि म्हणाला, ''साहेब, हप्ता भरून घ्या. गाडी तर चांगलीच आहे.''

त्याच्या फाइलमध्ये सगळे होते. गाडीची किंमत होती, नजरगहाणाचा करार होता, विम्याची पावती होती, जामीनदाराचा सातबारा होता. शोरूमच्या कोटेशनमध्ये लेगगार्ड होता, सीट कव्हर होते, टाकीचे कव्हर होते. गाडीच्या प्रत्येक अवयवाला काही ना काही घातलेले होते. ही रीत कुणा एका बँकेची नव्हे, सगळीकडचीच. ज्यावर पैसा गुंतला त्याचे रक्षण करायचे, हा सावकारीचा जुना नियम आहे. प्रश्न एवढाच, की घरानेही तोच नियम धरावा का?

विम्याचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट घरातल्या सर्वांना ठाऊक असावी. आपल्याकडे पहिल्या वर्षानंतर पुष्कळ लोक केवळ कायद्यापुरता, म्हणजे थर्ड पार्टी विमा ठेवतात. त्याच्या जोडीला पंधरा लाखांचे जे अपघात संरक्षण असते ते मालक-चालकाचे. मागे बसणाऱ्याचे काय? केवळ कायद्यापुरती घेतलेली पॉलिसी मागे विनामोबदला बसलेल्या माणसाची जोखीम घेत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका प्रकरणात सांगितले. सर्वंकष पॉलिसीत मात्र मागचा प्रवासी धरलेला असतो, असे विमा नियामकाने २००९मध्ये कंपन्यांना स्पष्ट केले. तेव्हा पॉलिसीचे नूतनीकरण करताना चार पैसे वाचवण्याआधी मागच्या सीटकडे एकदा वळून पाहावे. अर्थात विमा जे देतो ते नंतर देतो, आणि ते दुसऱ्याच कुणाच्या हातात पडते.

हेल्मेट आधी काम करते. ते नेमके काय करते, हे समजून घेतले तर ते निवडणे सोपे जाते. वरचे कवच कठीण असते. टोकदार दगड आत शिरू नये आणि मार एका जागी न राहता पसरावा, एवढे त्याचे काम. खरा कामगार आत दडलेला असतो. तो म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर्माकोल. गणपतीच्या मखराला वापरतात त्याच जातीचा, पण अधिक घट्ट. डोके आपटते तेव्हा हा थर चुरडतो आणि चुरडता चुरडता डोके थांबायला क्षणाचा अंश जास्त मिळतो. कवटीच्या आत पाण्यात तरंगल्यासारखा असलेला मेंदू एकदम थांबला तर कवटीवरच आदळतो. थोडा सावकाश थांबला तर वाचू शकतो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे आपण 'सावकाश'च म्हणतो. पण सव्वासहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून पडलेली वस्तू जमिनीवर येते ती त्याच वेगाने. गच्चीच्या कठड्यावर मुलाला बसवताना आपला जीव खालीवर होतो; टाकीवर बसवताना होत नाही.

ही विद्या जगाला कळली तीही एका मृत्यूतून. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९३५च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये आपल्या घराजवळच्याच रस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांच्या मनात ते मरण सलत राहिले असावे. पुढे त्यांनी सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१मध्ये हेल्मेटचे महत्त्व सांगणारा निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. सामान्य ब्रिटिश नागरिकांना ते सक्तीचे व्हायला १९७३ उजाडले. चुरडणाऱ्या अस्तराचे पेटंट अमेरिकेत १९५३ साली मिळाले. आणि हेल्मेटमुळे मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी, तर डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, हे अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासून २००८ साली मांडले गेले. शंभर टक्के हमी कुणी देत नाही. पण बँकेत एवढ्या फरकाने जोखीम कमी करणारे तारण कुणी आणून दिले असते तर आम्ही त्याला चहा पाजला असता.

'आम्ही कुठे जोरात चालवतो?' हा प्रश्नही नेहमीचा. प्राध्यापक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या नऊशे अपघातांच्या जागी जाऊन केलेला अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. अपघाताच्या आधीचा मधला वेग निघाला ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास आणि प्रत्यक्ष आदळतानाचा सुमारे ३५. हे वेग सालेकसा ते दरेकसा रस्त्यावरचेच आहेत.

तर मग हेल्मेट निवडायचे कसे? पहिली गोष्ट खूण. २०२१च्या १ जूनपासून आपल्या देशात आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे. मानकाचा क्रमांक आयएस ४१५१. चिन्हाचा कागदी बिल्ला कुणीही चिकटवतो. म्हणून त्याखालचा सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा आणि मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या अॅपवर तो टाकून बघावा. कॉलेजातल्या मुलाला हे काम सांगितले तर तो एका मिनिटात करून देईल. बांधकामावरचे पिवळे टोपडे, क्रिकेटचे हेल्मेट, कानांच्या वरच संपणारी अर्धी टोपी, यांचा इथे उपयोग नाही. बांधकामावरचे हेल्मेट वरून पडणाऱ्या विटेसाठी असते. रस्त्यावर मार बाजूने येतो, मागून येतो आणि जबड्यावरही येतो. म्हणून पूर्ण चेहरा झाकणारे सर्वांत बरे.

दुसरी गोष्ट माप. शिंप्याची टेप घ्यावी, भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून आणि डोक्याच्या मागच्या उंचवट्यावरून फिरवावी. ५८ सेंटिमीटर भरले तर ५८० मिलिमीटरचे हेल्मेट. घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत आणि डोके हलवले तर हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे. मग पट्टा बांधून दुसऱ्याला मागची कड धरून पुढे ओढायला सांगावे. निघून आले तर ते आपले नव्हे. पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटे जेमतेम जातील इतका आवळावा. पट्टा न बांधलेले हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचते.

इथेच मागच्या सीटचा प्रश्न येतो. घरातली बाई दुकानात गेलेलीच नसते. नवऱ्याचे जुने, दोन मापे मोठे हेल्मेट तिच्या वाट्याला येते. जिच्यासाठी घ्यायचे तिचे डोके दुकानात नेलेच पाहिजे. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही आणि तो मावावा म्हणून मोठे माप घेणे चुकीचे. मानेपाशी सैल वेणी घालावी हे बरे. ऊन किंवा घामासाठी आत पातळ सुती रुमाल चालेल, गाठी मारलेला जाड दुपट्टा नको. यात्रेत बांधलेला पिवळा दुपट्टा आपल्या अभिमानाचा आहे. तो प्रवासात गळ्याला घट्ट खोचून घ्यावा आणि गडाच्या पायथ्याशी मानाने डोक्याला बांधावा. मोकळा पदर आणि लोंबणारी ओढणी मागच्या चाकात जाऊन गळ्याला फास बसल्याच्या बातम्या आपण वाचतो. मागच्या चाकाला किमान निम्मे आच्छादन, हाताला धरायला दांडी आणि पायांना टेकू हे गाडीबरोबर असावेच, असा केंद्रीय नियम आहे. 'शोभत नाही' म्हणून साडीगार्ड काढून टाकणारे चिरंजीव घरोघरी असतात. त्यांना आजीने दोन शब्द सुनवावेत. आणि जमेल तिथे बायकांनी दोन्हीकडे पाय टाकून बसावे. साडीत ते जमत नाही हे खरे, पण पंजाबी पोशाखात जमते.

लहान मुलांसाठी वेगळा नियम आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला हेल्मेट, त्याला चालवणाऱ्याच्या अंगाशी बांधणारा पट्ट्यांचा जामानिमा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, अशी तरतूद २०२२च्या अधिसूचनेने केली आणि ती २०२३च्या फेब्रुवारीत लागू झाली. मोठ्यांचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवणे म्हणजे ओझे ठेवणे. मुलाचे हेल्मेट मुलाच्या मापाचे आणि हलके हवे.

तिसरी गोष्ट रंग. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड भागात झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. चकाकणारे किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्या स्वारांना दुखापतीच्या अपघाताचा धोका ३७ टक्के कमी आढळला. काळ्या हेल्मेटच्या मानाने पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना २४ टक्के कमी. आपल्या पोरांना मात्र काळेच हवे असते. जंगलातल्या रस्त्यावर ट्रॅक्टरवाल्याला आपण दिसलो पाहिजे, हा साधा मुद्दा आहे. पांढरे हेल्मेट उन्हात कमी तापते, हा आणखी फायदा. मागच्या बाजूला परावर्तक पट्टी चिकटवावी. तिला फारसा खर्च येत नाही. पुढची काच पारदर्शक असावी. काळी काच रात्री आंधळे करते.

मग बाकीचा सरंजाम. शहरातली हौशी मंडळी कोपर-खांदे-पाठीला कवच असलेली जाकिटे घालतात, ते चांगलेच आहे. ज्याला रोज लांब पल्ला गाठायचा आहे त्याने जाळीदार कापडाचे, उन्हाळ्यात सोसवेल असे घ्यावे. पण सामान्य घराने क्रम ठरवावा. आधी सगळ्या डोक्यांची हेल्मेटे. मग पायात बंद, घोटा झाकणारे बूट. स्लिपर पहिल्या घसरणीतच निघून जाते. मग हातमोजे, कारण पडताना माणूस हात पुढे करतो आणि तळवा सोलला की धानाच्या हंगामात महिनाभर विळा धरता येत नाही. मग जाड कापडाचा पूर्ण बाह्यांचा सदरा. मोठे जाकीट शेवटी. पहिल्या पायरीवर पैसे संपले तरी काम मोठे झाले असे समजावे.

घेतलेले हेल्मेट सांभाळायचेही असते. पेट्रोलच्या फडक्याने पुसू नये. पेट्रोल थर्माकोलला विरघळवते. आरशावर टांगू नये, आतले अस्तर दबते. आणि एकदा जोराचा मार बसला की ते बाहेरून ठाकठीक दिसले तरी त्याचे काम संपलेले असते. चुरडलेला थर पुन्हा फुगत नाही. असे हेल्मेट धाकट्या भावाला देऊ नये, फोडून टाकावे.

'आमच्याकडचे ऊन तुम्हाला ठाऊक नाही', असे गोंदियाचा माणूस म्हणेल, आणि मे महिन्यात ते खोटे नाही. पण उष्ण, दमट, भात पिकवणारा आणि अख्खे कुटुंब दुचाकीवर वाहून नेणारा आणखी एक देश आहे, व्हिएतनाम. १५ डिसेंबर २००७पासून तिथे सर्व रस्त्यांवर, चालवणाऱ्याला आणि मागच्याला, हेल्मेट सक्तीचे झाले आणि वर्षभरातच दहातली नऊ माणसे ते घालू लागली. त्या हवेला सोसतील अशी हलकी, हवेशीर हेल्मेटे तिथे बनवली गेली. मुलांच्या बाबतीत मात्र आईबाप बराच काळ कचरले. मान दुखेल अशी त्यांची भीती. म्हणजे आपल्या शंका काही जगावेगळ्या नाहीत. हर्ट यांच्या अभ्यासातही हेल्मेटमुळे मानेच्या दुखापती वाढतात, असे दिसले नव्हते.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती कुणी बोलत नाही. दोन हेल्मेटे घेतली तर ठेवायची कुठे? गुहेपर्यंतची चढण चढताना लेकरू घ्यायचे, पिशवी घ्यायची की हेल्मेट? यात्रांच्या ठिकाणी चपला सांभाळण्याची सोय असते, चार आण्यांपासून ती आता दहा रुपयांवर आली. पण हेल्मेट सांभाळणारे टेबल मी कुठे पाहिले नाही. कचारगडच्या यात्रेत पार्किंगपाशी असे टेबल गावातल्या बचत गटाने मांडले तर बायाबापड्यांना चार पैसे मिळतील आणि दुसरे हेल्मेट घरी ठेवण्याची सबब जाईल. तोवर पट्ट्याच्या कडीतून सायकलची तारेची साखळी ओवून ते गाडीलाच कुलूप लावावे.

दुसरी सूचना माझ्या जुन्या बिरादरीला. गाडी विकताना निर्मात्याने एक प्रमाणित हेल्मेट द्यावे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत उल्लेख आहे. २०२५च्या जूनमध्ये केंद्राने काढलेल्या मसुद्यात ते दोन असावेत, असे सुचवले गेले. पण दिल्लीच्या कागदाची वाट कशाला पाहायची? कर्जाच्या कोटेशनमध्ये सीट कव्हर बसते तर दुसरे हेल्मेटही बसते. हजार-बाराशे रुपयांचा प्रश्न. तीन वर्षांच्या हप्त्यांत वाटला तर महिन्याला तीस-पस्तीस रुपये पडतात. शाखाधिकाऱ्याने सही करण्याआधी अर्जदाराला एवढेच विचारावे : मागे कोण बसणार आहे? तिच्या डोक्याचे माप काय?

हा प्रश्न बँकेने विचारला नाही तर घराने विचारावा. या रविवारी घरातली टेप काढा आणि सगळ्यांच्या डोक्यांची मापे एका कागदावर लिहा, आजीच्यासुद्धा. दुकानात जाताना तो कागद खिशात असू द्या, आणि ज्यांची मापे आहेत त्यांनाही बरोबर न्या. फक्त एका वेळी दोघांनाच.